बस्त्याच्या दिवशीचं फुटेज

मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही बारामतीला गेलो, त्या दिवसाचा मधला एक तुकडा मला आठवत नाही. त्याच्या आधीचं सगळं आठवतं. सकाळी इंदापुरातून निघताना बायकोनं पोह्यांची बशी पुढं ठेवली होती. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी नेहमीप्रमाणं इन्सुलिन टोचून घेतलं, दोन घास खाल्ले आणि बशी सारून उठलो. पाहुणे आपल्या आधी पोचले तर बरं दिसणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

पाहुणे कन्हेरीचे. ऊस, थोडी भाजी, गोठ्यात गाई, घर चांगलं. मुलगा एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात नोकरीला. माझी मुलगीही तिथंच, प्रयोगशाळेत. दोघांची ओळख तिथलीच होती, पण आम्ही सगळ्यांनी ते ठरवून जमवल्यासारखंच केलं. मुलाचे वडील अबोल. घरातला सगळा कारभार त्याच्या चुलत्याच्या हातात. त्यांना सगळे तात्या म्हणत, मीही म्हणायला लागलो होतो.

दुकान मोठं होतं, वरच्या मजल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढऱ्या गाद्या घातलेल्या. एकीकडं आमची माणसं, समोर त्यांची. साड्यांचे ढीग वाढत होते. कोणी हा रंग नको म्हणे, कोणी काठ बारीक म्हणे. दुपार कलली तरी जेवणाचं कोणी नाव काढेना. मुलीकडचा माणूस, भूक लागली असं कसं म्हणायचं? हात थरथरायला लागले तेव्हा मी ते मांडीखाली दाबून धरले. दुकानातल्या माणसानं मुलीच्या खांद्यावर एक जांभळी साडी टाकली, ती लाजून माझ्याकडं बघून हसली. हे शेवटचं.

डोळे उघडले ते दवाखान्यात. हाताला सलाईन होतं. डॉक्टर म्हणाले, "सर, इन्सुलिन घेऊन तुम्ही जेवला नाहीत, साखर फार खाली गेली होती. थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं." मी विचारलं, मी काय केलं? ते म्हणाले, "अशा वेळी माणूस प्यायल्यासारखा वागतो. बडबडतो, चिडतो, घामाघूम होतो. नंतर त्याला काहीच आठवत नाही. मेंदूला साखर मिळत नसते ना."

बायको कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. डोक्यावरचा पदर तिनं गालापर्यंत ओढून घेतला होता. मी तिलाही तेच विचारलं.

"चक्कर आली तुमाला," ती म्हणाली. "एक बाई हुती दुकानात, तिनं वळखलं. साखर घातली तोंडात. मग हितं आणलं. झालं."

"पाहुणे?"

"गेलं ती."

मुलगी दारात उभी होती.

त्यानंतर पाहुण्यांकडून काही निरोप नाही. आमची माणसं म्हणत, शेतीची कामं असतील. मग मध्यस्थाचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "सर, त्यांचं मन बसंना आता. भर बस्त्यात पिऊन आलं म्हणत्यात."

मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. इतकी वर्षं इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो, पोरांच्या बापांना दारू सोडा म्हणून सांगायला त्यांच्या घरी गेलोय. फोन ठेवला आणि दवाखान्याचा कागद खिशात घालून सरळ कन्हेरी गाठली.

तात्यांनी ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला.

"सर, कागदाचं काय, कागद मिळत्यात. आमी डोळ्यानं बगितलंय."

"काय बघितलंत तात्या? मला सांगा तरी. मला आठवत नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, एक प्रकारची कीव होती, आणि ती मला जास्त लागली.

"आठवत न्हाय ना? तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "जाऊ द्या. तुमची पोर गुणाची हाय, तिला कुठंबी स्थळ मिळंल."

मुलगा घरात होता. मला त्याची चप्पल दिसत होती. तो बाहेर आला नाही.

परत येताना एसटीत बसल्यावर एकच विचार होता. सगळ्यांनी मला पाहिलंय, तात्यांनी, मुलानं, दुकानातल्या माणसांनी. मीच तेवढं मला पाहिलेलं नाही. आणि मग आठवलं, त्या दुकानात जिन्यापासून वरपर्यंत कॅमेरे होते. म्हणजे माझी ती वेळ कुठंतरी जशीच्या तशी ठेवलेली आहे. ती तात्यांसमोर ठेवली की प्रश्न मिटला. घाम, थरथर, तोंडात साखर घातल्यावर शांत होणं, कोणालाही कळेल की हा माणूस आजारी होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. गल्ल्याजवळच्या मॅनेजरनं मला ओळखलं आणि तो एकदम उभाच राहिला. माझं म्हणणं ऐकून घेतलं. म्हणाला, "फुटेज कुणाला देत नाही काका. पोलीस आले तरच."

"पण ते माझंच आहे. मीच आहे त्यात."

"कॅमेरा आमचा आहे ना."

मी मालकांना भेटायचा हट्ट धरला. मालक माझ्याहून लहान, बोलायला नम्र. त्यांनी चहा मागवला, तोही बिनसाखरेचा. त्यांचंही खोटं नव्हतं. म्हणाले, "सर, त्या वेळी वर चार-पाच घरांच्या बायका होत्या. कुणी साडी अंगाला लावून बघत होतं. त्यांचं चित्रण मी तुमच्या हातात कसं देऊ? उद्या ते मोबाईलवर फिरलं तर?" मी चहाचा कप खाली ठेवला. पण तिथून उठताना वाटलं, हा माणूस माझ्यापेक्षा माझ्याबद्दल जास्त जाणतो आणि सांगत नाही.

मग माझी वणवण सुरू झाली. माहितीच्या अधिकारात अर्ज करावा म्हणून एका ओळखीच्या निवृत्त कारकुनाला विचारलं, तो हसला. म्हणाला, तो अधिकार सरकारी कचेऱ्यांसाठी, कापडाच्या दुकानाला कसा लागू होईल? पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारानं विचारलं, "गुन्हा काय घडलाय?" मी म्हटलं, गुन्हा नाही. "चोरी? मारामारी? तुमाला कुणी मारलं?" मी म्हटलं, माहीत नाही, तेच बघायचंय. त्यानं पेन खाली ठेवलं.

बायको रोज म्हणायची, "सोडा आता. काय करायचंय ते बगून?" एकदा ती चिडूनच म्हणाली, "गेलं ना लगीन? फुटेज बगून माघारी येणार हाय का?" मला तिचा राग आला. वाटलं, हिला नवऱ्याच्या इज्जतीचं काही नाही.

शेवटी बारामतीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका बाईंकडं गेलो. वयानं तरुण, टेबलावर फायलींची गर्दी. त्यांनी मला मध्ये न तोडता ऐकलं, हे त्यांच्याबद्दल पहिलं आठवतं. मग म्हणाल्या, "सर, पहिली गोष्ट, घाई करा. या मशीनमध्ये जागा भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. कुठं पंधरा दिवस राहतं, कुठं महिना. आज आधी लेखी द्या की हे पुसू नका."

"पण माझा हक्क आहे का नाही?"

त्या म्हणाल्या, "आहे, पण हात घातला की लगेच मिळेल असा नाही. यंत्र त्यांचं, दुकान त्यांचं. पण तुमचा चेहरा ही तुमची माहिती. तशा माहितीबद्दल आता कायदा झालाय. आपल्याबद्दल कुणाकडं काय साठवलंय हे विचारता येईल, ते काढून टाका असंही म्हणता येईल. पण तो सगळा अजून लागू झालेला नाही, टप्प्याटप्प्यानं होतोय. तोवर साधा रस्ता म्हणजे लेखी मागणी, मग नोटीस, मग गरज पडली तर कोर्टाकडून किंवा ग्राहक आयोगाकडून आदेश. ते नुसतं नाही म्हणाले म्हणजे संपलं, असं नसतं."

"आणि त्या बाकीच्या बायका?"

"मालकांचं ते म्हणणं रास्त आहे. म्हणून आपणच लिहायचं, की बाकीच्यांचे चेहरे पुसून द्या. मला फक्त मी हवा आहे."

त्यांनी सांगितलं तसं मी अर्जात तारीख लिहिली, साधारण वेळ लिहिली, वरचा मजला, जिन्याच्या बाजूचा कॅमेरा, अंगात पांढरा सदरा. इतकी वर्षं मुलांना अर्जलेखन शिकवलं, पण स्वतःचाच शोध घेण्यासाठी स्वतःचं वर्णन लिहिताना हात अडखळला. दुकानानं अर्जाला उत्तर दिलं नाही. मग बाईंनी नोटीस पाठवली.

नोटिशीनंतर मालकांचा फोन आला. "सर, वकिलापर्यंत कशाला गेलात?" मग म्हणाले, "पुसलं नाहीये मी. तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच दिवशी काढून ठेवलंय. उद्या तुम्हीच आमच्यावर केस केली असती तर?" म्हणजे मला नाही म्हणताना ते त्यांच्या कपाटात होतं. मला तो कावेबाजपणा वाटला, आणि तरी बरंही वाटलं. त्यांनी कॅमेरेवाल्याकडून चेहरे पुसून घेतले आणि एक पेनड्राइव्ह वकीलबाईंकडं पोचता केला.

बाई म्हणाल्या, "इथंच बघायचं का?" मी म्हटलं, घरी बघतो.

रविवार होता. मुलगी ड्युटीवर, बायको मागच्या पेरूच्या बागेत फळांना पिशव्या बांधत होती. मी मुलीचा लॅपटॉप उघडला आणि दार लोटून घेतलं.

चित्र वरून घेतलेलं. आवाज नाही. मी काय बोललो ते ऐकायला मिळेल असं मी धरून चाललो होतो. ते कधीच मिळणार नव्हतं. पांढऱ्या गादीवर माणसं बसलेली आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. चेहरा होता फक्त मला. आधी तर मी स्वतःला ओळखलंच नाही. तोंड अर्धवट उघडं, डोळे कुठंतरी तिसरीकडंच.

तो माणूस उठला. झुलत उठला. सदऱ्याच्या गुंड्या ओढून काढायला लागला. समोरच्या साड्यांचे ढीग त्यानं दोन्ही हातांनी ढकलून दिले, एक ढीग टोपी घातलेल्या एका बिनचेहऱ्याच्या माणसाच्या मांडीवर जाऊन पडला. ते तात्या असणार. ते मागं सरकले आणि आपली पिशवी उचलून बाजूला ठेवली. मी त्यांच्याकडं बोट करून काहीतरी बोलत होतो, बोलत होतो, थांबतच नव्हतो. दारुडा माणूस कसा दिसतो हे मला माहीत आहे. मी तसाच दिसत होतो. तात्या खोटं बोलले नव्हते.

मग हिरव्या साडीतली एक बाई माझ्याजवळ आली. चेहरा नाही, पण चालणं ओळखू आलं, माझी बायको. हिनं माझा दंड धरला, दुसऱ्या हातानं गुंड्या लावायला लागली. आणि मी तिच्या तोंडात मारली.

एकदा नाही. दुसऱ्यांदा मारताना तिची मान एका बाजूला गेली. तिनं माझा दंड सोडला नाही.

मी चित्र थांबवलं. पाणी प्यायलो. नंतर पुढचं पाहिलं, कारण पाहिलं नसतं तर पुन्हा कधी पाहण्याची हिंमत झाली नसती. दुकानातल्या दोघांनी मला काखेत धरून ओढत जिन्याकडं नेलं. माझी एक चप्पल गादीवरच राहिली. मुलगी आहे तिथंच उभी होती, खांद्यावर ती साडी तशीच. सगळी हलत होती, ती हलत नव्हती. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. मग एकदम साडी अंगावरून ओढून टाकून जिन्याकडं पळाली. जिन्याच्या तोंडाशी एक अनोळखी बाई गुडघ्यांवर बसली आणि माझं तोंड उघडून त्यात काहीतरी घालायला लागली. तिला शोधून काढून तिचे पाय धरावेत असं मी ठरवलं होतं. तिचाही चेहरा पुसलेला होता. तो मीच पुसायला सांगितला होता.

बायको हात धुऊन आत आली. उघडा लॅपटॉप बघितला आणि दारातच थांबली.

"बगितलंत?"

"हं."

ती जवळ येऊन खाली बसली. मी लॅपटॉप मिटला. मग म्हटलं, "फार लागलं का गं?"

"तवा लागलं. आता न्हाय."

"दवाखान्यात तू पदर ओढून बसली होतीस."

"सुजला हुता गाल. तुमी बगितलं असतं."

"मग सांगितलं का नाहीस? मी एवढा भांडत फिरतोय, दुकानात, पोलिसात..."

"सांगून काय झालं असतं?" ती म्हणाली. "तुमी इंजेक्शन सोडून दिलं असतं. मला म्हाईत हाय तुमचा सोबाव." ती पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "त्ये तुमी न्हवता ओ. तुमच्या डोळ्यात बगितलं मी. तुमी न्हवताच तितं. पर बगणाऱ्याला काय म्हाईत?"

बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर हात उगारला नव्हता. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो, जणू कोणी तरी विचारत होतं.

संध्याकाळी मुलगी आली. मी तिला म्हटलं, फुटेज मिळालंय, तू बघणार का?

"मी तिथंच होते आप्पा," ती म्हणाली. तिनं बॅग खाली ठेवली. "त्यांना दाखवायचं असेल तर दाखवा. माझ्यासाठी नका दाखवू."

"त्याचा काही फोन?"

"पहिले काही दिवस यायचा. त्याला माहितीय तुम्ही पीत नाही. तो म्हणतो, घरच्यांपुढं माझं चालत नाही." ती हसायचा प्रयत्न करत होती. "एकाच गेटनं आत जातो आम्ही. आता तो शिफ्ट बदलून घेणार आहे."

मी कन्हेरीला गेलो नाही. ज्या पुराव्यासाठी मी एवढा झगडलो, तो कोणालाही दाखवण्यासारखा नव्हता. डॉक्टरांना दाखवला असता तर त्यांना आजार दिसला असता. तात्यांना मात्र पुन्हा तेच दिसलं असतं, जे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि माझी बायको सगळ्या ओसरीसमोर पुन्हा एकदा मार खाताना दिसली असती.

वकीलबाईंनी विचारलं, "ओढत नेल्याबद्दल ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. करायची?" मी नको म्हटलं. मग म्हटलं, एकच करा, दुकानात जी प्रत आहे ती पुसून टाकायला सांगा. त्यांनी तसं पत्र दिलं. मालकांनी या वेळी लगेच उत्तर पाठवलं, की प्रत काढून टाकली आहे. ती खरंच काढली का, हे मला कधी कळणार नाही; त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, दुसरं काय? माझ्याकडची प्रत मी बायकोच्या हातात दिली. तुझ्या मनाला येईल ते कर म्हटलं. तिनं त्या प्रतीचं काय केलं, मी विचारलेलं नाही.

तो मुलगा शिफ्ट बदलून गेला. पुढच्या हंगामात त्याचं लग्न झाल्याचं कोणाकडून तरी कानावर आलं.

मध्यंतरी आमच्याकडं काटेवाडीच्या बाजूची एक मंडळी मुलगी बघायला आली होती. मी आतल्या खोलीत कपडे बदलत होतो. बाहेर मुलाच्या आईनं नेहमीचे प्रश्न विचारले, शिक्षण, पगार, स्वयंपाक. सगळं सांगून झाल्यावर मुलगी आपणहून म्हणाली, "एक गोष्ट आधीच सांगते. माझ्या वडिलांना शुगर आहे. ती कमी झाली की ते वेगळे वागतात. ओरडतात, कधी हातही उचलतात. नंतर त्यांना आठवत नाही. तुमच्यापुढं कधी असं झालं तर घाबरू नका, तोंडात साखर घाला."

बाहेर कपात चमचा ढवळल्याचा आवाज येत राहिला. मी सदऱ्याची वरची गुंडी लावत तसाच उभा राहिलो. दार उघडून बाहेर जायचं होतं आणि जाववत नव्हतं. मग बायकोच "अहो, या की" म्हणून हाक मारायला आली आणि मी बाहेर जाऊन सगळ्यांना नमस्कार केला.

माणसं चांगली होती. नीट बोलली, चहा घेतला, माझ्या तब्येतीची चौकशी केली. कळवतो म्हणून गेलीत. अजून त्यांचा फोन आलेला नाही.